निवडताना

जानेवारीतली दुपार. पंचवटीत आत्याच्या घरी मागच्या ओट्यावर आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. निफाडची थंडी त्या आठवड्यात नाशकातही मुक्कामाला आली होती, उन्हाकडे पाठ केली तरच बोटं चालत होती. आत्या मध्येच उठून आत गेली आणि एक कागद घेऊन आली. ईसीजीची पट्टी. घडीवर गुलाबी चौकटी पांढऱ्या पडलेल्या, कडा कापडासारख्या मऊ झालेल्या.

"हा कागद पाकिटात घेऊन फिरतो," ती म्हणाली. "रात्री दोनला उठून मोबाइलच्या उजेडात बघतो. आज पाकीट घरी राहिलं म्हणून माझ्या हाती लागला."

आत्याचा मुलगा, माझा आतेभाऊ, चौतीस वर्षांचा आहे. अंबडच्या एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर. ऑक्टोबरात द्वारकेच्या चौकात गाड्यांच्या गर्दीत अडकला असताना त्याच्या छातीत धडधडायला लागलं, हात बधिर झाले, आपण आता मरतोय असं वाटलं. कुणीतरी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पुढे आणखी दोनदा तेच. तीन ईसीजी, एक टूडी एको, सगळं नॉर्मल. शेवटच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'पॅनिक अटॅक' लिहिलं आणि मानसोपचार घ्या म्हणून सांगितलं. कुणाकडे, ते सांगितलं नाही. तेव्हापासून चिठ्ठी फ्रिजवर चुंबकाखाली होती आणि तो द्वारका टाळून लांबच्या रस्त्यानं कामावर जात होता.

आत्या बत्तीस वर्षं सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. अजून तिला जुने लोक सिस्टरच म्हणतात.

"माझा सरळ हिशेब आहे," ती म्हणाली. "त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये मनोविकाराची ओपीडी आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेसुद्धा पैसे पडत नाहीत. जायचं, डॉक्टर लिहून देतील ती गोळी घ्यायची, सहा आठवडे धीर धरायचा. ताप आला की मला कोणता डॉक्टर मानवेल, याचा शोध घेत बसतो का आपण?"

"ताप थर्मामीटरवर दिसतो, आत्या. इथं त्यानं तोंडच उघडलं नाही, तर समोरच्या डॉक्टरला दिसणार काय?"

"दुखायला लागलं की पेशंट बोलतो. मी बघितलंय."

"पोट दुखलं की बोलतो. आपल्याला भीती वाटते, हे तो तुझ्याशी तरी बोलला का?"

तिनं उत्तर दिलं नाही. एक जुडी सोडली, मातीच्या मुळ्या खुडून बाजूला टाकल्या.

"निवडायच्या गोष्टी करायला आधी लोक गेले तर पाहिजेत," ती थोड्या वेळानं म्हणाली. हे ती अंदाजानं बोलत नव्हती. बंगळुरूच्या निम्हान्सनं २०१५-१६मध्ये जे राष्ट्रीय सर्वेक्षण केलं, त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता, आणि आजारानुसार त्यातले ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. "आमच्या वेळी 'ठाण्याला पाठवा' ही शिवी होती. मनाचं काही झालं की नाशिकच्या माणसाला ठाणं आठवायचं, १९०१ सालचं ते इस्पितळ. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालयं चारच, ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. आता शहरात दवाखाना आहे, डॉक्टर आहेत, फोन आहे, आणि तुम्ही पोरं म्हणता, जुळलं पाहिजे. जुळायला ही काय पत्रिका आहे?"

"लोक जात नाहीत हे खरं. पण जे जातात त्यातले किती दुसऱ्यांदा जातात? माझ्या दोन मैत्रिणी पहिल्याच भेटीनंतर परत फिरल्या. एकीला सांगितलं, लग्न कर, सगळं ठीक होईल. ती आज कुणाकडेच जात नाही. तिच्या लेखी मानसोपचार म्हणजे तेवढंच."

"सांगणारी कोण होती? शिकलेली होती का?"

मला सांगता आलं नाही. मैत्रिणीनं विचारलंच नव्हतं.

इथं आत्यानं मला बरोबर पकडलं, आणि या विषयावर मी तिचं ऐकते. आपल्याकडे 'मानसोपचारतज्ज्ञ' या एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी माणसं उभी असतात. मनोविकारतज्ज्ञ हा आधी डॉक्टर, एमबीबीएसनंतर त्याच विषयात एमडी किंवा डीपीएम केलेला. गोळी लिहिण्याचा अधिकार या तिघांत त्याचाच. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे मानसशास्त्रात एमए झाल्यावर रुग्णालयात दोन वर्षं पेशंट बघत शिकलेला. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. १९९२च्या कायद्यानं ती सक्ती आहे आणि परिषदेच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. तिसरा समुपदेशक, काउन्सेलर. यांच्यात फार चांगली, मन लावून काम करणारी माणसं आहेत आणि आठवड्याच्या शिबिरानंतर बोर्ड लावलेलीही आहेत. २०२१मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा झाला, त्यात समुपदेशकही आहेत, पण त्याची घडी अजून पुरती बसलेली नाही. तोवर शिक्षण कुठे झालं, कुणाच्या हाताखाली काम केलं, हे आपणच विचारायचं.

"विचारायला लाज वाटते लोकांना," मी म्हटलं.

"लाज कसली? मी रक्ताची बाटली लावतानासुद्धा दोनदा नाव विचारायचे. आणि तो कुणाकडेही गेला तरी आधी डॉक्टर. थायरॉइड बघितलं का त्याचं? हिमोग्लोबिन? धडधडायला तेवढंही पुरतं." तिनं आवाज खाली आणला. "त्याच्या कपाटात अल्प्राझोलामची पट्टी मिळाली मला. कंपनीतल्या कुणीतरी दिलेली. चार गोळ्या संपल्यात. सवय लावणारी गोळी आहे ती. एक घेतली की बरं वाटतं, म्हणून दुसरी. हे थांबवायला तुझी काउन्सेलर पुरायची नाही."

तिच्या या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी शोधलंही नाही. ती गोळी मनानं सुरू करायची नसते, तशी अनेक दिवस घेतली असेल तर मनानं एकदम बंदही करायची नसते. त्याच्यासाठी पहिला दरवाजा मनोविकारतज्ज्ञाचाच होता. आमचा वाद होता त्यानंतरच्या दरवाजाचा.

"बाबा गेल्यावर मी दोघींकडे गेले, तुला माहीत आहे," मी म्हटलं.

२०२१चा एप्रिल. नाशिककरांना तो महिना वेगळा सांगावा लागत नाही, झाकीर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजनची टाकी त्याच महिन्यात गळली. बाबा दुसऱ्या एका दवाखान्यात होते. आत्याचा तो धाकटा भाऊ. आम्हाला दोघींनाही आत सोडलं नाही.

पहिल्या बाईंकडे मी चार वेळा गेले. त्या प्रेमळ होत्या. दर वेळी त्यांच्या वडिलांच्या आजारपणाची हकीकत सांगायच्या, सकारात्मक विचार करा म्हणायच्या, एक वही दिली होती, तिच्यात रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. मी लिहीत गेले. रात्री मात्र तोच फोन यायचा कानात, दवाखान्यातून आलेला. चार भेटींत त्यांनी त्या फोनबद्दल मला एकदाही विचारलं नाही. मी जाणं बंद केलं, कळवलंही नाही.

दुसऱ्या मॅडम क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगितलं, आपण साधारण दहाबारा वेळा भेटू, सहाव्या भेटीला थांबून बघू की काही बदलतंय का. बोललेलं या खोलीबाहेर जाणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका वाटला तरच, आणि तेव्हाही आधी तुम्हाला सांगून. तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, फोन आला तेव्हा तुम्ही घरात नेमक्या कुठे उभ्या होता? मला तिथून उठून जावंसं वाटलं. चौथ्या वेळी मी कॉलेज रोडपर्यंत गेले आणि गाडी परत वळवली. घरी आल्यावर स्वतःला सांगितलं, या मॅडम कोरड्या आहेत, माझं यांच्याशी जुळत नाही.

"मी तेच म्हणते," आत्या म्हणाली. "जखम धुवायला लागलं की पेशंट म्हणतो, दुसऱ्या सिस्टरला बोलवा. तिचा हात हलका आहे."

"हो. तू म्हणतेस तसंच झालं होतं. पण पुढचं ऐक. मी त्यांना मेसेज केला की मला तुमच्याकडे यायला नको वाटतंय. त्यांनी लिहिलं, एकदा येऊन हेच मला समोर सांगाल का? त्यानंतर नाही आलात तरी चालेल, दुसरं चांगलं नाव मी देईन. मी गेले आणि सांगितलं. त्यांना राग आला नाही. त्या म्हणाल्या, मी घाई केली. मग मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तिथपासून सगळं सांगितलं. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, तिथपासून."

आत्याचे हात थांबले होते.

कुणी पारंगत असूनही आपल्याला मानवत नाही, आणि कुणी मानवतं ते आपल्याला दुखू देत नाही म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या ओळखण्याची एकच वाट मला ठाऊक आहे. सोडावंसं वाटतंय, हे ज्याला सोडायचं त्यालाच सांगून बघायचं. जो माणूस ते ऐकून चिडतो, आपल्याला अपराधी वाटायला लावतो किंवा पुढच्या दहा भेटींचे पैसे आधी भरा म्हणतो, त्याच्याकडून उठून यावं. जो ऐकून घेतो, त्याला आणखी दोन भेटी द्याव्यात. उपचार करणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं कसं आहे, यावर गुण येणं बरंच अवलंबून असतं, हे मानसोपचारांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा दिसलंय. माझा जुळण्याचा हट्ट त्यापायी आहे.

"भाऊ माझाही गेला," आत्या म्हणाली. "मी कुणाकडे गेले?"

ओट्यावर ऊन सरकलं होतं. मी परडी तिच्या बाजूला सरकवली.

"लसीकरणाला माणसं कमी होती म्हणून मला बोलावलं होतं. रिटायर झालेली बाई, दिवसाला दीडदीडशे सुया. तेच माझं औषध. सगळ्यांना बोलूनच बरं वाटतं, असं नको म्हणू."

"नाही म्हणत. पण त्याला कामावर जायचीच भीती वाटतेय, आत्या. तुझं औषध त्याला लागू पडत नाहीये."

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, मग भलतीकडूनच सुरुवात केली. ती नोकरीत नवी असताना सुरगाण्याकडची एक बाई वॉर्डात होती. बाळंतपणानंतर खायची नाही, पोराकडे बघायची नाही. डॉक्टर आमच्यासारख्या मराठीत विचारायचे, ती मान हलवायची. केसपेपरवर लिहिलं होतं, सहकार्य करत नाही. आठव्या दिवशी झाडू मारायला येणाऱ्या मावशी तिच्याशी कोकणा बोलीत काहीतरी बोलल्या. त्या तिच्याच पट्ट्यातल्या निघाल्या. बाई तासभर रडली. आधीचं एक मूल गेलं होतं, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. "डॉक्टर हुशार होते गं," आत्या म्हणाली. "औषधही त्यांचंच लागू पडलं. पण मावशींनी विचारेपर्यंत कशाचं औषध द्यायचं, ते त्यांना कळलं नव्हतं."

मी तिला सांगितलं, आतेभावानं डिसेंबरात एका ॲपवरून थेरपिस्ट घेतली होती. बाहेरच्या शहरातली, इंग्रजी आणि हिंदी बोलणारी. दोन भेटींनंतर सोडलं. तिचं काही चुकलं नव्हतं. पण त्याला जे होतं ते 'जीव घाबरा होतो' असं होतं, 'काळजात धस्स होतं' असं होतं, आणि ते हिंदीत सांगता सांगता त्याचं कामावरच्या रिपोर्टसारखं व्हायचं. मनाच्या कामाला मराठी तोकडी नाही. ठाण्यात १९९०पासून डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था मराठीतूनच हे काम करते, तिची शाखा नाशकातही आहे. अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडक्यांनी त्याच्याही आधीपासून मराठीत रुजवली. केंद्र सरकारच्या टेलिमानसवर, १४४१६ला, ऑक्टोबर २०२२पासून रात्रीबेरात्रीसुद्धा मराठीत बोलता येतं, फुकट. दुरून बोलण्यात वाईट काही नाही. कळवणच्या किंवा पेठच्या माणसाला तोच आधार आहे. फक्त भाषा आपली हवी.

"मेडिक्लेममधून गेलो तर एचआरला कळेल, म्हणतो," आत्या म्हणाली.

"ओपीडीला बहुतेक मेडिक्लेम लागतच नाही, म्हणजे तो प्रश्नच नाही. आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात गुप्ततेचा हक्क स्पष्ट लिहिलाय. डॉक्टरनं कंपनीला त्याच्या संमतीशिवाय काही सांगायचं नाही."

"कायदा झाला. पण वेटिंगमध्ये ओळखीचं कुणी भेटलं तर?" तिचं बरोबर होतं. नाशिक अजून एवढं मोठं झालेलं नाही. मी स्वतः सकाळची पहिली वेळ मागून घेत होते.

मग तिनं वॉर्डातल्या आवाजात एकदम विचारलं, "मरायचे विचार येतात का, हे विचारलं का कुणी त्याला?"

"मी विचारलं. मरायची भीती वाटते, मरावंसं वाटत नाही, म्हणाला."

"मग तुझी ही निवडानिवड चालेल. उलटं उत्तर आलं असतं, तर आत्ता उठून कॅज्युअल्टीत नेला असता. तिथं कोण मानवतंय ते नंतर." यावर आमचं दोघींचं एकमत झालं, त्या दुपारी पहिल्यांदाच.

पॅनिकवर नेमकं काय करतात, हे मी तिला माझ्या मॅडमकडून ऐकलं होतं तसं सांगितलं. नुसत्या गप्पा नसतात. धडधड म्हणजे मरण नव्हे, हे शरीराला शिकवावं लागतं. म्हणून मुद्दाम धडधड आणतात. जागच्या जागी पळायला लावतात, खुर्चीत गोल फिरवतात, जिने चढायला लावतात, आणि मग काही न करता बसायचं, नाडी आपोआप उतरेपर्यंत. झटका दहाएक मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो. पळून न जाता ते ओसरणं एकदा बघितलं की त्याची जरब कमी होते. मग द्वारकेचा चौक, आधी सोबत, मग एकट्यानं. म्हणून फोनवरच विचारायचं, तुम्ही पॅनिकचे पेशंट बघता का आणि त्यांच्याबरोबर काय करता. जो सांगतो, "आपण बोलू, मोकळं करू," तो भला असेल, पण या आजारासाठी तेवढं पुरत नाही.

"हे बरं वाटलं मला," आत्या म्हणाली. "फिजिओथेरपीसारखं आहे." तिच्या विहीणबाईंनी त्र्यंबकला शांत करून घ्या म्हणून निरोप पाठवला होता. आत्या रोज रामकुंडावर जाणारी बाई. ती त्यांना म्हणाली होती, पूजा जरूर करू, पण गुरुजी गोळी लिहून देत नाहीत.

सोमवारी सिव्हिल, असं ठरलं. तिथं आत्या स्वतः बरोबर जाणार. रक्ताची तपासणी आणि त्या पट्टीचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. त्यानंतर सायकॉलॉजिस्ट. मी तीन नावं काढून आणली होती. माझ्या मॅडमचं नाव त्यात नव्हतं. एकाच घरातल्या दोघांना एकाच वेळी नको, असं त्यांनीच सुचवलं होतं. आत्यानं चष्मा लावला, माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि पहिला नंबर फिरवला.

"नमस्कार. मुलासाठी वेळ हवी होती. त्याआधी तुमचा पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक सांगता का? हो, लिहून घेते." तिनं ईसीजीच्या पट्टीच्या मागेच पेन्सिलीनं आकडे लिहिले, एकेक मोठ्यानं म्हणत. पलीकडच्या बाईंना त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही. "पॅनिकचे पेशंट बघता ना? काय करून घेता त्यांच्याकडून?" बराच वेळ ती ऐकत राहिली, मान हलवत. "मराठीतच बोलेल तो. नाशिकचाच आहे. गुरुवार? साडेपाच चालेल. हो, डॉक्टरांचा कागद घेऊन येतो."

फोन ठेवून तिनं पट्टीवर 'गुरुवार ५.३०' लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"आवाज बरा आहे," ती म्हणाली. "घाईत नव्हत्या. पण तिसरा मजला आहे आणि लिफ्ट बंद आहे म्हणे. जिने चढताना धडधडलं तर त्याला?"

"धडधडेल."

ती त्या कागदाकडे बघत बसली. मग निवडलेली मेथी परडीत भरली, काड्या पेपरात गुंडाळल्या.

"पहिल्या मजल्यावर थांबू," ती म्हणाली. "मग दुसऱ्या."